तरंगंबाडी : एका नगराचे जतन आणि त्यातले वाटेकरी

युरोपीय व्यापाऱ्यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः कोरोमांडलच्या पट्ट्यात, सतराव्या शतकात ज्या वखारी उभारल्या, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ रूप आज जुने नकाशे आणि दफ्तरे यांतच शोधावे लागते. काही वखारी वाढत वाढत मोठ्या शहरांत विरून गेल्या, तर काही समुद्राने आणि युद्धांनी पुसून टाकल्या. तमिळनाडूच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यातील तरंगंबाडी हे गाव या दोन्ही गतींतून वाचले. डॅनिश लोक ज्याला ट्रँकेबार म्हणत, ते हे गाव १६२० ते १८४५ या काळात, इंग्रजांच्या ताब्यातील काही वर्षे वगळता, डेन्मार्कच्या व्यापारी सत्तेचे भारतातील प्रमुख ठाणे होते. ग्रेगर्स डा ट्रेलुंड याने १७३३ मध्ये काढलेल्या नकाशातील मुख्य रस्त्यांवरून आजही चालत जाता येते, इतकी त्याची मूळ आखणी टिकून आहे. वसाहतकालीन नगराचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, त्यासाठी लागणारा पैसा आणि कारागिरी कोठून येते आणि त्या जतनात कोणाचा वाटा धरला जातो, या प्रश्नांचा विचार करण्यासाठी तरंगंबाडीइतके आटोपशीर आणि बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

एका सोनपत्रापासून

डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन चौथा याने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली आणि १६१८ मध्ये ओवे गेड्डे या तरुण सरदाराच्या नेतृत्वाखाली जहाजांचा पहिला काफिला कोपनहेगनहून पूर्वेकडे निघाला. श्रीलंकेत जम बसवण्याचा प्रयत्न फसल्यावर गेड्डे तंजावरच्या दरबाराकडे वळला. तेथील राजा रघुनाथ नायक याला पोर्तुगीजांच्या व्यापारी मक्तेदारीला शह देणारा आणखी एक गिऱ्हाईक किनाऱ्यावर हवाच होता, त्यामुळे नोव्हेंबर १६२० मध्ये करार झाला आणि डॅनिशांना तरंगंबाडीत किल्ला बांधून मिरीचा आणि इतर मालाचा व्यापार करण्याची मुभा मिळाली. याच सुमारास रघुनाथ नायकाने ख्रिश्चन राजाला सोन्याच्या पत्र्यावर तमिळमध्ये कोरलेले पत्र पाठवले, जे डेन्मार्कच्या अभिलेखागारात आजही जपून ठेवलेले आहे. डॅनिश सत्तेचा आरंभ जिंकण्यातून झाला नाही, एका सार्वभौम राजाने दिलेल्या सवलतीतून झाला. त्या बदल्यात डॅनिश तंजावरला वार्षिक खंडणी भरत राहिले, ही गोष्ट या नगराचा इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

दूरच्या मायदेशाने या वसाहतीकडे किती दुर्लक्ष केले, याचा पुरावा सतराव्या शतकाच्या मध्यात मिळतो. युद्धांनी खंगलेल्या डेन्मार्कमधून अनेक वर्षे एकही जहाज आले नाही, किल्ल्यातील माणसे एकामागून एक मरत गेली आणि १६५५ पासून एसकिल्ड अँडरसन कोंग्सबाके या सामान्य कुळातील माणसाने स्थानिक लोकांच्या साह्याने ठाणे सांभाळले. १६६९ मध्ये डॅनिश जहाज पुन्हा बंदरात आले, तोपर्यंत त्याने नायकांच्या फौजांशी झुंज देऊन गावाभोवती तटही उभारला होता. डॅनिश ध्वज येथे टिकून राहिला, तो स्थानिक शिपाई, नावाडी आणि व्यापारी यांच्या बळावर.

तंजावरची गादी १६७०च्या दशकात भोसल्यांकडे गेली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, यांनी तेथे मराठी राज्य स्थापले आणि डॅनिशांचा जमीनधनी अशा रीतीने मराठा राजा झाला. संबंध नेहमीच सलोख्याचे नव्हते. १६९९ मध्ये शहाजीराजांच्या कारकिर्दीत तंजावरच्या फौजेने ट्रँकेबारला वेढा घातला आणि मद्रासहून इंग्रजांची कुमक आल्यावरच डॅनिशांची सुटका झाली. पुढील शतकात मात्र खंडणी, भेटवस्तू आणि वाटाघाटी यांच्या आधारे हे शेजारपण निभावले गेले.

वेशीपासून समुद्रापर्यंत

आजचा अभ्यागत जुन्या नगरात शिरतो तो पश्चिमेकडील वेशीतून. लँडपोर्टेन, म्हणजे जमिनीच्या बाजूचा दरवाजा, या नावाने ओळखली जाणारी ही पांढरी वेस १७९२ मध्ये आधीच्या दरवाजाच्या जागी बांधली गेली आणि तिच्यावर डॅनिश राजाची मुद्रा आहे. तटाचा बराच भाग नाहीसा झालेला असल्यामुळे वेस आता काहीशी एकाकी उभी दिसते, परंतु तिच्याखालून सरळ पूर्वेला समुद्राकडे जाणारा किंग्ज स्ट्रीट हा रस्ता नगराच्या मूळ आखणीचा कणा आहे. त्याला समांतर क्वीन स्ट्रीट जातो आणि या दोहोंना छेदणाऱ्या आडव्या गल्ल्या नगराचे चौकोनी भाग पाडतात. ही आखणी युरोपीय पद्धतीची असली, तरी तिच्यात राहणारी वस्ती कधीच निव्वळ युरोपीय नव्हती. मरक्कायर म्हणून ओळखले जाणारे तमिळ मुसलमान व्यापारी, सोनार, विणकर, दुभाषे आणि मच्छीमार यांच्या गल्ल्या नगराच्या अंगभूत भागच होत्या, आणि गोल्डस्मिथ स्ट्रीट किंवा मॉस्क स्ट्रीट ही नावे त्याची साक्ष देतात.

किंग्ज स्ट्रीटवर दोन चर्च एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्यातील फरक समजून घेतला की वसाहतीतील सामाजिक उतरंडही समजते. १७०१ मध्ये अर्पण झालेले झायन चर्च हे डॅनिश अधिकारी आणि व्यापारी यांच्यासाठी होते. ११ ऑक्टोबर १७१८ रोजी अर्पण झालेले न्यू जेरुसलेम चर्च प्रोटेस्टंट मिशनने धर्मांतरित स्थानिक लोकांसाठी बांधले. त्याच्या दर्शनी भिंतीवर मुकुटासह चौथ्या फ्रेडरिक राजाचे नामचिन्ह आहे. एकाच पंथाच्या, एकाच राजाच्या प्रजेसाठी प्रार्थनेच्या जागा निराळ्या ठेवाव्या लागल्या, याचे कारण भाषेत होते तसे वर्णातही होते; शिवाय मिशनच्या चर्चमध्ये जातीनुसार वेगळे बसण्याची प्रथाही शिरली होती.

रस्ता संपतो तेथे कवायतीचे मोकळे मैदान, त्याच्या कडेला गव्हर्नरचा बंगला आणि समुद्राला भिडलेला डान्सबोर्ग किल्ला अशी रचना आहे. किल्ल्याचे बांधकाम १६२०च्या करारानंतर लगेच सुरू झाले. त्याच्या मुख्य इमारतीच्या खालच्या मजल्यावर कमानदार छताची कोठारे, शिपायांच्या खोल्या आणि तुरुंग होता, तर वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांची निवासस्थाने आणि प्रार्थनागृह होते. आज तो राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात असून त्यातील संग्रहालयात चिनी मातीची भांडी, नाणी, दस्तऐवज आणि उत्खननात मिळालेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. तथापि या दालनांत फिरताना किनाऱ्यावरच्या व्यापाराची काळी बाजूही आठवावी लागते, कारण सतराव्या शतकात सुती कापडाबरोबरच दुष्काळाने आणि युद्धाने नागवलेली माणसेही गुलाम म्हणून या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली आणि त्या व्यापारात डॅनिशही सामील होते.

किल्ल्याच्या उत्तरेस समुद्राच्या अगदी काठावर मासिलामणिनाथ हे शिवमंदिर आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी पांड्य राजा मारवर्मन कुलशेखर याच्या काळात ते उभे राहिले, म्हणजे डॅनिश येण्यापूर्वी तीनशे वर्षे येथे नांदती वस्ती आणि बंदर होते. लाटांनी या मंदिराचा पुढचा भाग गिळून टाकला आणि उरलेल्या गाभाऱ्याच्या रक्षणासाठी मोठमोठे दगड टाकून बांध घालावा लागला. नगराचा सर्वांत जुना पुरावा हाच आहे, तरीही पर्यटकांच्या नजरेत तो किल्ल्यानंतरच येतो.

चुना, हिरडा आणि गूळ

नगरातील जुन्या घरांची रचना दोन परंपरांच्या मिश्रणातून घडलेली आहे. तमिळ घराला रस्त्याच्या बाजूने तिण्णै, म्हणजे वाटसरूला टेकता येईल असा ओटा असतो आणि आत मुट्रम, म्हणजे वरून उघडा चौक असतो. वाड्याचा चौक ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्याची कल्पना चटकन येईल. डॅनिश काळातील बंगल्यांनी खांबांची रांग, उंच जोती आणि त्रिकोणी शिरोभाग हे युरोपीय घटक आणले, पण ऊन आणि पाऊस यांपुढे त्यांनाही खोल व्हरांडे आणि जाड भिंती यांचा आश्रय करावा लागला. छते बहुधा मद्रास टेरेस पद्धतीची असत. या पद्धतीत सागवानी तुळया जवळजवळ टाकून त्यांवर पातळ विटा चुन्यात तिरक्या, उभ्या रचतात आणि वर चुन्याच्या काँक्रीटचा थर ठोकून बसवतात.

या घरांचे आयुष्य ज्या एका पदार्थावर अवलंबून आहे, तो म्हणजे चुना. शिंपले किंवा चुनखडी भाजून मिळालेली कळी पाण्यात विरवून अनेक दिवस मुरू देतात, मग ती वाळूबरोबर घाणीत मळली जाते आणि मळताना तिच्यात हिरड्याचे आणि गुळाचे पाणी घालतात. गूळ आणि हिरडा यांमुळे गिलावा चिवट होतो, त्याला भेगा कमी पडतात आणि पाण्याला तो अधिक काळ दाद देत नाही. समुद्राकाठच्या भिंतीत खारी ओल सतत चढत असते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडून वाळते, परंतु त्याच भिंतीवर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, मिठाचे स्फटिक विटेच्या पोटात फुगतात आणि काही वर्षांत वीट भुगा होऊन गळू लागते. डागडुजीसाठी सहज मिळणाऱ्या सिमेंटने किनाऱ्यावरील जुन्या घरांचे जितके नुकसान केले, तितके वादळांनीही केले नसेल. म्हणून तरंगंबाडीतील दुरुस्तीच्या कामांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरली ती चुन्याचे काम जाणणारे गवंडी शोधण्याची आणि नव्या हातांना ते शिकवण्याची. इमारत वाचवणे हे अंतिमतः कारागिरी वाचवण्यावरच अवलंबून असते.

छापखान्याची वाट

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ हे दोन जर्मन धर्मोपदेशक डॅनिश राजाच्या आज्ञेने येथे उतरले आणि भारतातील प्रोटेस्टंट मिशनचा आरंभ झाला. स्थानिक गव्हर्नर हासिउस याला त्यांचे येणे इतके खुपले की त्याने त्सीगेनबाल्गला सुमारे चार महिने किल्ल्यात कैदेत ठेवले. त्सीगेनबाल्ग तमिळ शिकला तो स्थानिक पंतोजीच्या शाळेत, मुलांबरोबर वाळूवर अक्षरे गिरवत. पुढे लंडनच्या एका ख्रिस्ती संस्थेने छापखाना पाठवला, जर्मनीतील हाले येथून तमिळ खिळे आले, कागदाच्या टंचाईवर उपाय म्हणून शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखाना काढण्यात आला आणि १७१५ पर्यंत नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून पूर्ण झाले. भारतात मुद्रण १५५६ मध्ये गोव्यातच सुरू झाले होते आणि तमिळ अक्षरेही सोळाव्या शतकात छापली गेली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान ट्रँकेबारकडे जात नाही. मात्र मुद्रण, शाळा आणि भाषाभ्यास यांचा एकत्र संसार येथे दीर्घकाळ टिकला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्सीगेनबाल्गने दक्षिणेतील देवदेवतांविषयी १७१३ मध्ये लिहून पाठवलेला ग्रंथ हालेच्या धुरीणांनी छापण्यास नकार दिला, कारण मिशनऱ्याचे काम त्या श्रद्धा उखडण्याचे आहे, त्यांचा प्रसार करण्याचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. तो ग्रंथ दीडशे वर्षांनी, १८६७ मध्ये, मद्रासला छापला गेला. १७१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्सीगेनबाल्ग वारला आणि न्यू जेरुसलेम चर्चमध्येच त्याचे दफन झाले.

या परंपरेचा धागा मराठीशी येऊन जुळतो. १७५० मध्ये ट्रँकेबारला उतरलेला ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा मिशनरी पुढे तंजावरला स्थायिक झाला आणि तरुण सरफोजीराजांचा पालक व गुरू बनला. सरफोजीराजे, म्हणजे दुसरे सरफोजी भोसले, यांनी धर्म आपला ठेवला आणि विद्या मात्र मोकळ्या मनाने घेतली. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी केलेला विस्तार, वैद्यकाचा अभ्यास, नव्या धर्तीच्या शाळा आणि देवनागरी खिळ्यांचा छापखाना ही त्याची फळे होत. इसापनीतीचे मराठी रूप असलेले ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक १८०६ मध्ये तंजावरलाच छापले गेले आणि मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या टप्प्यात त्याची गणना होते. योगायोग असा की विल्यम केरी याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये जेथे प्रसिद्ध झाले, ते बंगालमधील श्रीरामपूरही तेव्हा डॅनिशांच्याच ताब्यात होते, कारण मिशनऱ्यांना त्या काळी प्रतिकूल असलेल्या इंग्रज कंपनीच्या हद्दीबाहेर केरीच्या सहकाऱ्यांना आसरा मिळाला तो डॅनिश ध्वजाखाली. मराठी मुद्रणाच्या इतिहासाला डॅनिश वसाहतींचे हे ऋण मान्य करावे लागते.

ओहोटीने जे राखले

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांशी झुंजत असताना तटस्थ डॅनिश ध्वजाखाली मालाची ने-आण करणाऱ्यांची चांदी झाली आणि ट्रँकेबारमधील अनेक मोठी घरे याच तेजीत बांधली गेली. १७७७ मध्ये वसाहत कंपनीकडून राजसत्तेकडे गेली. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्रजांनी ती १८०१ मध्ये आणि पुन्हा १८०८ ते १८१५ या काळात ताब्यात घेतली आणि त्यानंतर तिचा व्यापार सावरला नाही. १८४५ मध्ये डेन्मार्कने ट्रँकेबार आणि श्रीरामपूर ही ठाणी मिळून साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली. इंग्रजांनी काही वर्षे येथे जिल्ह्याची कचेरी ठेवली, पण १८६०च्या दशकाच्या आरंभी ती तंजावरला हलली, आगगाडीने नागपट्टिणमला जवळ केले आणि तरंगंबाडी मागे पडली. गव्हर्नरच्या बंगल्याचा उपयोग मिठाच्या कोठारासारखा होऊ लागला, काही वाडे शाळांना आणि मठांना मिळाले, तर काही कोसळले.

जुन्या वास्तूंवर नवे मजले चढवण्याइतका पैसा गावात राहिला नाही, म्हणूनच जुनी आखणी शाबूत राहिली. हे सत्य कौतुकाने सांगण्यासारखे नाही, कारण या टिकून राहण्याची किंमत तेथील पिढ्यांनी रोजगाराच्या शोधात गाव सोडून मोजलेली आहे.

जाणीवपूर्वक जतनाचा टप्पा एकविसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. डेन्मार्कमधील ट्रँकेबार असोसिएशन या नागरिकांच्या संस्थेने राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहकार्याने किल्ल्याच्या डागडुजीत भाग घेतला. समुद्रकाठचा एक जुना बंगला २००४ मध्ये वारसा-हॉटेल म्हणून खुला झाला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला आलेल्या त्सुनामीने किनाऱ्यावरील मच्छीमारांची वस्ती उद्ध्वस्त केली आणि शेकडो कुटुंबांवर घाला घातला. त्यानंतर मदत आणि पुनर्बांधणी यांच्या जोडीने वारसा-संवर्धनालाही वेग आला. इन्टॅक, म्हणजे कला आणि सांस्कृतिक वारशासाठी काम करणारा भारतीय राष्ट्रीय न्यास, याने डॅनिश निधीच्या साह्याने गोल्डस्मिथ स्ट्रीटवरील काही तमिळ घरे पारंपरिक पद्धतीने दुरुस्त केली, तर डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ट्रँकेबार उपक्रमातून संशोधन झाले आणि गव्हर्नरचा बंगला पुन्हा उभा राहिला.

वाटा कोणाचा?

या कामाचे मोल निर्विवाद आहे, आणि म्हणूनच त्यातील असमतोलाचीही चर्चा व्हायला हवी. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक हेले योर्गेनसेन यांनी तरंगंबाडीवरील आपल्या २०१४ मधील ग्रंथाच्या शीर्षकातच, हा इतिहास कोणाचा, असा प्रश्न विचारला आहे. डेन्मार्कला आपल्या दूरच्या भूतकाळाची खूण हवी, पर्यटन खात्याला फलकावर लिहिण्याजोगे वेगळेपण हवे, घरमालकाला पडकी भिंत विकून किंवा पाडून सोयीचे घर बांधण्याची मोकळीक हवी आणि मच्छीमाराला होडी ओढण्यासाठी व जाळी वाळवण्यासाठी किनारा मोकळा हवा. त्सुनामीनंतर अनेक मच्छीमार कुटुंबांना किनाऱ्यापासून आत नव्या वसाहतीत घरे मिळाली, पण पोटाचा धंदा समुद्रावरच राहिला. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात, जुन्या नगराचा मोठा भाग त्या पट्ट्यात येतो, आणि त्यामुळे साध्या दुरुस्तीसाठीही रहिवाशाला कायद्याची वाट काढावी लागते. समुद्र तर दरवर्षी पुढे सरकण्याची भाषा करतोच आहे.

अशा परिस्थितीत ‘डॅनिश नगर’ एवढीच ओळख पुरेशी मानली, तर पैसा आणि लक्ष ज्या इमारतींवर राजमुद्रा आहे त्यांच्याकडेच जाईल आणि तमिळ गल्ली, मशीद, लाटांच्या तोंडावरचे मंदिर आणि कोळ्यांचा किनारा ही त्यांची पार्श्वभूमी म्हणून उरतील. इतिहास मात्र वेगळे सांगतो. करार एका नायक राजाने दिला, खंडणी मराठा राजांनी घेतली, ठाणे पडत्या काळात तमिळ माणसांनी तगवले, भिंती हिरडा आणि गूळ घालून स्थानिक गवंड्यांनी बांधल्या आणि ग्रंथ स्थानिक पंतोजींकडून भाषा शिकून छापले गेले. वसाहतकालीन नगराचे जतन याचा अर्थ सत्ताधीशांच्या आठवणींची निगा राखणे असा घेतला, तर ते जतन अपुरे आणि असत्यही ठरते.

यावरून पुढच्या कामाची दिशाही स्पष्ट होते. चुन्याचे काम करणाऱ्या गवंड्याला नियमित काम आणि योग्य मजुरी मिळावी, जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला सिमेंटपेक्षा महाग पडणाऱ्या पारंपरिक दुरुस्तीसाठी सरकारी अर्थसाह्य मिळावे, मासिलामणिनाथाच्या मंदिराला किल्ल्याइतकेच संरक्षण लाभावे, संग्रहालयातील माहितीत गुलामांच्या व्यापाराची आणि रघुनाथ नायकाच्या पत्राची सारख्याच ठळकपणे नोंद व्हावी आणि किनाऱ्याविषयीचे निर्णय मच्छीमारांच्या पंचायतीला विचारात घेऊन व्हावेत, एवढे झाले तर तरंगंबाडी हे इतर संरक्षित नगरांनाही मार्गदर्शक ठरेल. वसई, रेवदंडा, जुने गोवे आणि पणजीतील जुने मोहल्ले यांच्याविषयी महाराष्ट्रात आणि गोव्यात हेच प्रश्न वेगळ्या नावांनी विचारले जात आहेत, तेव्हा तंजावरच्या भोसल्यांनी ज्याच्या शेजारी दीड शतकाहून अधिक काळ राज्य केले, त्या या छोट्या गावाचा अनुभव मराठी वाचकाने आपल्या वास्तूंच्या हिशेबातही जमेस धरावा.